घडीबाईचा गठ्ठा

सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणातल्या दोऱ्या हवेतच सुरू होऊन हवेतच संपत होत्या. यंत्रावरचे मामा दार ढकलून बाहेर गेले, हात पुढे करून धुकं चाचपल्यासारखं केलं आणि परत आले.

"सूर्याने रजा टाकली. सगळं आतच वाळवा."

"त्याची रजा लगेच मंजूर होते. मी मागितली तर मालकांचं डोकं दुखतं," घडीबाई म्हणाली आणि लॉजच्या चादरींचा पहिला ढीग तिने टेबलावर ओढला.

घडीबाई हे नाव मामांनीच ठेवलेलं. ती एकोणीस वर्षं इथं घड्या घालते. तिच्या हातून निघालेल्या चादरीचा कोपऱ्यावर कोपरा असा बसतो, की लॉजवाले म्हणतात, ही उलगडायची म्हणजे जिवावर येतं.

मोठी चादर हे खरं तर दोघींचं काम. समोरासमोर उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पहिली तेरा वर्षं समोर धाकटी बहीण असायची. मग धाकटीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, तिथं एका कारखान्यात पॅकिंगला लागली. मालक म्हणाले, बघू, कुणीतरी मिळेल. कुणी मिळालं नाही. शेवटी मामांनी भिंतीत दोन खुंट्या ठोकून दिल्या. तेव्हापासून घडीबाई दोन कोपरे खुंट्यांना अडकवते आणि स्वतःच पुढे चालत जाते. खुंट्या काही पुढे येत नाहीत.

धाकटीचा फोन रविवारी यायचा. तिला सुट्टी तेवढीच. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. घडीबाईचा फोन जुना, पण त्यात एक सोय होती. आलेला-केलेला प्रत्येक फोन तो आपोआप ध्वनिमुद्रित करून ठेवायचा. हे तिला कळलं तेच चुकून. एका मंगळवारी एप्रनच्या खिशातून अचानक धाकटी बोलायला लागली, "ताई, अजून खुंट्यांशीच संसार चाललाय का? नावं तरी ठेवलीस का त्यांची?" आणि घडीबाई चादर टाकून तिथल्या तिथं हसत सुटली. मामांना वाटलं, बाईला वाफ लागली.

मग ते रोजचंच झालं. सोमवार ते शनिवार, खिशात फोन, फोनात धाकटी. चार वर्षांत दोनशेच्या वर फोन साठले. तिला सगळे पाठ होते. पोराला दात आला तो, कुकरची शिट्टी मध्येच बोंबलली तो, नवऱ्याशी भांडून रडत केलेला तो. रडतानाचा ती क्वचित लावायची, पण पुसला नव्हता.

गेल्या आठवड्यात फोन चार्जिंगला लावून ती झोपली, आणि सकाळी उठून बघते तर त्याने स्वतःच नवी आवृत्ती अंगावर चढवलेली. चित्रं गुळगुळीत, अक्षरं बारीक. आधी साठलेले फोन वाजत होते. पण रविवारी धाकटी बोलली ते सोमवारी लावायला गेली, तर काहीच नाही. नव्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकलेली. अख्खा रविवार कोरडा गेला.

म्हणून आज बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, ती कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेली. टक्कल पडलेला, कपाळावर भिंग चढवलेला माणूस. तो एकटाच दुकान चालवायचा आणि बोलायला कुणी आलं की बरं वाटायचं त्याला.

"लोक नवी आवृत्ती टाकायला येतात बाई, तुम्ही काढायला आलात."

"होतं तसं करून द्या भाऊ. माझं त्याच्याशी जमत नाही."

"जमेल. पण मागे न्यायचं म्हणजे फोन आधी पाटीसारखा कोरा होणार. आतलं सगळं काढून ठेवायला लागेल. आणि आजच ठरवा. कंपनी उद्यापासून मागचं दार बंद करतेय. मग कुणालाच परत जाता येणार नाही."

"आतलं जाणार नाही ना? आवाज आहेत."

"नाही जाणार. एकेक सुटं उतरवू, का सगळ्याचा एकच गठ्ठा बांधू?"

घडीबाईने क्षणभरही विचार केला नाही. लॉन्ड्रीत गठ्ठ्याला चिठ्ठी असते, सुट्याला नसते. सुटा रुमाल, सुटी उशीची खोळ एकदा ढिगात गेली की गेलीच. एकोणीस वर्षांत तिने एक फडकंसुद्धा सुटं जाऊ दिलं नव्हतं.

"एकच गठ्ठा बांधा," ती म्हणाली. "घट्ट."

त्याने बांधला. नखाएवढ्या कार्डात घातला. मग पडदा काळा झाला आणि त्यावर एक पांढरी रेघ गोगलगायीसारखी सरकत राहिली. घडीबाई स्टुलावर बसून रेघेकडे बघत होती, दवाखान्याच्या दाराबाहेर बसतात तशी. डबा लॉन्ड्रीत टेबलाखाली तसाच राहिला होता.

फोन सुरू झाला. जुनी जाड अक्षरं, जुना पडदा. ध्वनिमुद्रणाची सोयही जागेवर. तिला इतकं बरं वाटलं, की तिने भिंगवाल्याला तोंडभरून आशीर्वादच द्यायला घेतला होता. पण तो कार्ड घालत होता, काढत होता, पुसून पुन्हा घालत होता.

"काय झालं?"

"गठ्ठा सुटत नाहीये बाई." त्याने भिंग कपाळावर ढकललं. "नव्याने बांधलेली गाठ जुन्याला सोडवता येत नाही. सुटं उतरवलं असतं, तर चाललं असतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"सांगितलं मीच."

"फोन पुन्हा पुढे नेला तर सगळं परत येईल. याच फोनात सुटतो तो गठ्ठा, दुसऱ्यात नाही. पण मग पुढेच राहायला लागेल. ध्वनिमुद्रण नाही. उद्या दार बंद."

म्हणजे गेलेले रविवार, नाही तर येणारे. घडीबाईने फोन हातात घेतला. यादी उघडली. पांढरी, स्वच्छ, डाग न पडलेली यादी. धुण्यातून काढलेल्या चादरीकडे तिने असं कधी घाबरून पाहिलं नव्हतं.

"राहू दे मागेच," ती म्हणाली. "कार्ड द्या."

लॉन्ड्रीत परत आल्यावर तिने कार्ड एका चिंधीत शिवलं, आणि हाताला सवय म्हणून वर कापडी चिठ्ठीही टाचली. नंबर काय घालावा ते मात्र सुचेना. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा, भर बुधवारी, स्वतःहून धाकटीला फोन लावला.

"ताई? काय झालं? कुणी गेलं का?" मागे यंत्रांचा खडखडाट.

"नाही गं. सहज."

"सहज? बुधवारी? बरी आहेस ना?"

"बरी आहे. धुकं आहे इथं."

"अगं, सुपरवायझर बघतोय. रविवारी करते हं. जेवलीस का?" आणि फोन कट.

एक्केचाळीस सेकंद. यादीत एकच ओळ उमटली.

"कुणाचा फोन?" मामांनी यंत्रामागून विचारलं.

"खुंटीचा," घडीबाई म्हणाली. मामा हसले. तीही थोडी हसली.

तिने फोन खिशात टाकला, बोटाने चाचपत तीच ओळ लावली. काय झालं, कुणी गेलं का, सहज, धुकं. स्वतःचा आवाज तिने आजवर कधी नीट ऐकलाच नव्हता. फार दुरून आल्यासारखा होता. शेवटी धाकटीने विचारलं, जेवलीस का, आणि कट.

"नाही अजून," घडीबाई खिशाला म्हणाली.

पुन्हा लावलं. या वेळी ती म्हणाली, "जेवते गं आता." डबा टेबलाखाली तसाच होता, पण लॉजची गाडी चार वाजता येणार आणि ढीग अर्धाही उतरला नव्हता. तिने पुढची चादर झटकली, दोन कोपरे खुंट्यांना अडकवले, उरलेले दोन हातात घेऊन मागे मागे गेली, कापड ताणलं, आणि भिंतीकडे चालू लागली.