डाव्या वळणावरचं वजन

मला मोटरसायकल चालवता येत नाही. हे सांगितलं की लोक हसतात, कारण त्याआधी मी त्यांना निदान अर्धा तास शर्यतींच्या गोष्टी ऐकवलेल्या असतात. पण खरं तेच आहे. उभ्या आयुष्यात मी क्लच दाबलेला नाही. मी साईडकारमधला माणूस. चालवणारा वेगळा होता आणि तो गेल्या पावसाळ्यात गेला.

साईडकार म्हणजे मोटरसायकलच्या डाव्या अंगाला जोडलेला एका चाकाचा डबा. हल्लीच्या पोरांनी तो जुन्या सिनेमातच पाहिलेला असतो. शर्यतीच्या आधी आम्ही डबा काढून ठेवायचो आणि त्याच्या सांगाड्यावर एक फळी ठोकायचो, धरायला वाकवलेला पाईप. त्या फळीवर मी. तीन चाकांची गाडी वळणावर झुकत नाही. ती वेगात डावीकडे वळली की साईडकारचं चाक जमीन सोडतं आणि सगळा संसार उलटू पाहतो. म्हणून डाव्या वळणाला मी फळीवरून बाहेर लोंबायचो, इतका की खडी कानाजवळून जायची. उजवं वळण आलं की धावपळ करून त्याच्या पाठीमागे मागच्या चाकावर चढायचं. घाटात तर उसंतच नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, हा नुसता बसलाय. माझ्या बायकोलाही लग्नानंतर बरेच दिवस तसंच वाटत होतं. "ते चालवतात, तुम्ही काय करता?" असं तिनं विचारलं होतं.

तो भूगावचा. घरची भाताची शेती, आणि त्या शेतीत त्याचं मन कधीच नव्हतं. मी पौडचा. उरवड्याच्या एका कारखान्यात लेथवर होतो. आमची ओळख झाली ती पेंढ्याच्या ट्रॉलीवर. कारखान्यातून घरी जाताना मी आणि आणखी काही जण भाताच्या पेंढ्यावर चढून बसलो होतो, आणि हा मागून मोटरसायकलवर येत होता. ट्रॉली एका वळणावर कलली. बाकीचे भिऊन जिकडे ट्रॉली कलली तिकडेच घसरले आणि थेट खाचरात. मी उलट्या बाजूला आडवा झालो आणि वर राहिलो. त्यानं गाडी थांबवली. खाचरातल्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "ए, उतर खाली. माझ्या गाडीवर बसतूस का? मला असंच येडं पायजे."

असा मी शर्यतीत आलो. त्या काळी घाटात चढणीच्या शर्यती व्हायच्या, आणि पावसाळा सरला की मैदानात मातीच्या. साईडकारच्या जोड्या मोजक्याच. पेट्रोलमध्ये एरंडेल घालायचे सगळे. लहानपणी ज्याच्या वासानं घरातून पळून जायचो, तेच जळालं की त्याचा वास अंगात वारं भरायचा. पँटचा बसायचा भाग दर शर्यतीला फाटायचा, शेवटी पौडातल्या चांभारानं तिथं चामडं शिवून दिलं. ते घालून कारखान्यात गेलो तर फोरमननं विचारलं, घोडा कुठं बांधलास म्हणून.

जिंकलो तेव्हाचे फोटो त्याच्या बंगल्यात टांगलेले आहेत. सगळ्यांत तो झकास दिसतो, चष्मा, दात, गळ्यात हार. मी कुठं बूट, कुठं पाठ, आणि एका फोटोत तर फक्त ते चामडं. त्याला हे फार आवडायचं. पाहुण्यांना फोटो दाखवताना त्या चामड्यावर बोट ठेवून सांगायचा, "ह्यो आमचा भिडू. तोंड बगू नका, काम बगा." मी रागावल्यासारखं करायचो. खरं तर आयुष्यात कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मला आठवत नाही.

साईडकारवाल्यांचा एक रिवाज होता. कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्या जोड्या पाळायच्या. बसणाऱ्यानं कधी 'आज जायचं का?' असं विचारायचं नाही. चालवणाऱ्याचं मन नसेल आणि भिडूनं विचारलं, तर तो भिडेखातर निघतो आणि मग कुणाचं तरी हाड मोडतं. त्याचं मन असलं की तो दारात येईल, हॉर्न देईल. आपण निमूट जाऊन बसायचं. शर्यती बंद झाल्या, घाटात डंपर वाढले, त्यानं गाडीला पुन्हा डबा बसवला, तरी आम्ही तो रिवाज सोडला नाही. रविवारी सकाळी तो भूगावहून पौडला यायचा, एसटी स्टँडमागच्या माझ्या घराखाली हॉर्न वाजवायचा आणि आम्ही ताम्हिणीपर्यंत जाऊन चहा पिऊन यायचो. वाटेत बोलणं नाही. टू-स्ट्रोक गाडीवर बोलून ऐकू तरी काय येणार!

मग माझी बायको आजारी पडली. एक-दोन रविवार हॉर्न वाजला आणि मला खाली जाता आलं नाही. तिच्या उशाशी बसून मी तो ऐकला. त्यानंतर हॉर्न वाजला नाही. बायको गेली तेव्हा तो आला, दिवसभर थांबला, लाकडांपासून सगळं त्यानंच बघितलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, पण गाडीचं काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. मुलगी नाशिकला सासरी परत गेली आणि दोन खोल्यांत मी उरलो.

गाडी मात्र बंद नव्हती. रविवारी सकाळी तिचा आवाज मोठ्या रस्त्यावरून यायचा. हजार गाड्यांतून मी तो ओळखला असता. भूगावकडून यायचा, स्टँडजवळ हळू न होता पुढं मुळशीकडे निघून जायचा. गावाबाहेर पडताना एक डावं वळण आहे. साईडकार रिकामी असेल तर त्या वळणावर चालवणाऱ्याला गॅस सोडावाच लागतो, नाही तर चाक उचलतं. पहिल्या रविवारी मी कान देऊन ऐकलं. त्यानं गॅस सोडला नाही. गाडी तश्शी, भरल्या आवाजात वळली. म्हणजे साईडकारमध्ये कुणीतरी होतं.

हे कळायला दुसऱ्या कुणाला खिडकीत जाऊन बघावं लागलं असतं. मला आवाजावरून कळलं आणि मी खिडकीत गेलो नाही. कशाला जायचं? माझ्या जागी कोण बसलंय ते बघायला? त्याला दुसरा भिडू मिळाला होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. डाव्या वळणाला वजन लागतंच. पण मला ते सोसलं नाही हेही खरं. पुढं वर्षानुवर्षं आम्ही लग्नकार्यात भेटलो, शेजारी बसून जेवलो. तो मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचा, "जेवतूस का न्हाई नीट?" म्हणायचा. मी म्हणायचो, जेवतो. कोण बसतं रे तुझ्याबरोबर, एवढा प्रश्न माझ्या जिभेवर यायचा आणि मी जिलबी खायचो.

तो गेला तेव्हा स्मशानात मी त्या माणसाला शोधत होतो. वेड्यासारखं प्रत्येकाचे हात बघत होतो. पाईप धरून धरून बसणाऱ्याच्या डाव्या तळव्याला घट्टा पडतो. तसा कुणाचा दिसला नाही.

परवा वहिनींचा फोन आला. त्याची बायको, माझ्याहून थोडी लहान, बोलायला रोखठोक. "भावजी, गाडीला गिऱ्हाईक आलंय. आमच्यात कुनाला कायबी कळत न्हाई तिच्यातलं. तुमी या." मी एसटीनं भूगावला गेलो. पूर्वी त्याच्या बंगल्यासमोर खाचरं होती, आता तिन्ही बाजूंना इमारती. पोर्चमध्ये ताडपत्री काढून गाडी उभी केलेली. मी आधी साईडकारमध्ये डोकावलो. सीट स्वच्छ पुसलेली, कुणाचं काही राहिलेलं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे समोरच्याच इमारतीतला एक आयटीतला मुलगा. चांगला होता. गाडीकडे बघताना त्याचे डोळे चमकत होते, ते मला आवडलं. पण तो म्हणाला, "काका, ॲक्च्युअली मला फक्त बाईक हवीये. साईडकारचं पार्किंग सोसायटीत जमणार नाही." साईडकार सोडवली की ती भंगारातच जाणार होती. मी म्हटलं, एकदा जोडीनं चक्कर तर मार, मग ठरव. रिकाम्या साईडकारनं शिकाऊ माणसानं जाऊ नये, मी बसतो. तो तयार झाला.

इतक्या वर्षांनी मी त्या डब्यात बसलो. गुडघे दुमडताना कळ आली, पण पाठीला सीट लागली आणि मला रडू येईल असं वाटलं. तो मुलगा बेतानं चालवत होता, भुकूम सोडून पिरंगुटच्या घाटाला लागलो. मला फक्त गप्प बसायचं होतं. म्हातारा पाहुणा बसतो तसं हात मांडीवर ठेवून बसलो असतो तर कदाचित त्यानं साईडकार ठेवलीही असती. पण घाटात डावं वळण आलं आणि माझं अंग माझं राहिलं नाही. मी कठडा धरला आणि कमरेपासून सगळा बाहेर लोंबलो.

तो किंचाळला. ब्रेक मारला, गाडी तिरकी होऊन कडेला थांबली, मागच्या टेम्पोवाल्यानं शिव्या घातल्या. "काका! पडत होता तुम्ही!" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी पडत नव्हतो. मी त्याला वळायला मदत करत होतो. पण ज्या वेगानं तो चालला होता, त्या वेगाला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. हे मला कळायला हवं होतं. पंचवीस-तीसच्या वेगात हातगाडीसुद्धा वळते. परतताना तो दर वळणाला माझ्याकडे बघत होता आणि मी लहान मुलासारखा हात मांडीवर धरून बसलो होतो.

बंगल्याशी आल्यावर त्यानं नम्रपणे सांगितलं की साईडकार नकोच. मेकॅनिक आला, बोल्ट सोडवले. मोटरसायकल एकटी सुटी झाली तेव्हा किती किरकोळ दिसली! तो मुलगा ती घेऊन गेला, फाटकातून डावीकडे, मजेत झुकून. डबा पोर्चमध्ये विटांवर राहिला.

वहिनींनी चहा आणला. पायरीवर बसून प्यालो. आता त्याला विचारता येणार नव्हतं आणि रिवाजही कुणासाठी पाळायचा उरला नव्हता, म्हणून मी विचारलं, "वहिनी, माझ्यानंतर त्याच्याबरोबर कोण बसायचं?"

"कुटं?"

"साईडकारमध्ये. रविवारी."

त्यांनी हातातल्या कपानं पोर्चच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथं तुळशीच्या कुंडीमागे एक पोतं टेकवून ठेवलेलं होतं, वर सुतळीनं शिवलेलं. "त्ये बसायचं. वाळूचं हाय. सकाळीच पोरांकडनं काडून ठेवलं, गिऱ्हाईकाला अडचन नको म्हनून."

मी उठून पोत्याजवळ गेलो. त्याच्या तोंडाची शिवण जागोजागी उसवून पुन्हा घातलेली होती.

"तुमच्या वजनाचं केलं हुतं," वहिनी मागून म्हणाल्या. "गाडीला तुमच्या वजनाची सवं हाय म्हनायचे. लग्नाबिग्नात तुमी भेटलात की घरी येऊन शिवन उसवायची. लई वाळलाय म्हनायचे, आनि वंजळभर वाळू काडून टाकायचे. तुमच्या मंडळी गेल्या त्या साली तर लई काडली. मी म्हनायची, आवो, त्येंनाच घेऊन जावा की. तर म्हनायचे, न्हाई. बसनारा हॉर्नला आला न्हाई की समजून घ्यायचं, त्येचं मन उडालं. परत बोलवायचं नसतं. भिडंनं यील आनि जीव जाईल. मनात आसंल तर त्यो आपल्या पायानं यील."

हा रिवाजाचा त्याच्या बाजूचा अर्धा भाग. तो मला कुणी सांगितलाच नव्हता. मी पोत्याला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "मी दर रविवारी सकाळी बूट घालून बसायचो. तुमची गाडी पुढं निघून गेली की काढायचो."

त्या पदरानं कपाची कड पुसत राहिल्या. समोरच्या इमारतीखाली तो मुलगा गाडी पुन्हा पुन्हा सुरू करून मित्रांना आवाज ऐकवत होता.

"त्यास्नी कुटं ठावं हुतं," वहिनी शेवटी म्हणाल्या.