डब्यात उरलेली मासळी

जाळं काठाला लागलं आणि त्यात तिलापिया निघाला. एक-दोन नव्हे, जिथे बघावं तिथे तोच. रोहू, कटला शोधून काढावे लागले. मी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकडे, देविदासकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"माझ्या लेकराची आन मॅडम, म्या एक बी सोडला न्हाई."

"मंग काय आभाळातून पडले का?" मागून लिंबाजीमामा ओरडले.

जाफराबादच्या अलीकडचा हा तलाव. नव्वदच्या दशकात मी जालन्याला मत्स्य अधिकारी होते. शिकले समुद्राकाठी आणि नोकरी लागली टँकरच्या जिल्ह्यात. माशांच्या पिल्लांना आम्ही मत्स्यबीज म्हणतो. जालना पडलं बियाण्यांचं गाव. "बीज आलंय" असा निरोप धाडला की पलीकडून प्रश्न यायचा, "कपाशीचं कोणतं वाण?"

दोन पावसाळ्यांपूर्वी याच तलावात तिलापिया सोडायची परवानगी देविदासने मागितली होती. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आपल्याकडे चिलापी म्हणतात. रोहू-कटल्याचं बीज दरसाल विकत आणून सोडावं लागतं. चिलापी एकदा सोडली की आपली आपण वाढते, आणि हा हा म्हणता तलाव भरते. देविदासला तेच हवं होतं. तलावाचा ठेका त्याच्या मच्छीमार सोसायटीकडे होता आणि तिच्यावर सभासदांच्या चुली चालत होत्या.

औरंगाबादहून साहेबांचा फोन आला. "उत्पादन वाढतंय ना? मग द्या की परवानगी. मासा कुठला का असेना!"

मी काठावरच बैठक घेतली. जालन्याचे गळवालेही आले. ही हौशी मंडळी. दर रविवारी एसटीने यायचं, गळ टाकून दिवसभर बसायचं, मिळालं तर मिळालं. त्यांच्यातही दोन तट होते. जुन्या जालन्यातले कापडवाले प्रकाशशेठ म्हणाले, "सोडूनच टाका मॅडम. दिवसभर बसून गळ हलत न्हाई. घरी गेलं की बायको हसती. चिलापी कशी जल्दी लागती."

"मासाच पायजे तर बाजारातून न्या की!" लिंबाजीमामा उठून उभे राहिले. "गळ टाकून काहून बसता?"

मामा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर जाफराबादची गाडी चालवली, आणि सुट्टीचा दिवस याच पाण्यावर काढला. त्यांना फक्त मरळ हवी असायची. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर येतो, खाली आई-बाप पहारा देतात. अशा वेळी गळ टाकला तर ती चवताळून धरते, सहज मिळते. पण मामांच्या मंडळींचा नियम होता, लेकुरवाळीला गळ लावायचा नाही. घोळका दिसला की सगळे सामान उचलून दुसऱ्या काठाला जायचे.

देविदासने नमुना म्हणून तळहाताएवढी चिलापी आणली होती. मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "ह्यो मासा काठालाच घर करतो म्हणतेत. आमची मरळ बी काठालाच अंडी घालती. दुसऱ्या मुलखातला मासा आणून तिचं घर मोडू नका, मॅडम."

मी परवानगी नाकारली. साहेबांची बोलणी खाल्ली, पण त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आणि आता जाळ्यात हे. ज्या साहेबांना परवानगी द्यायची होती, तेच आता म्हणाले, "चोरून मासे सोडतात म्हणजे काय? ठेका रद्द करा." नोटीस टाइप होऊन टेबलावर आली. फक्त माझी सही बाकी होती.

सही करण्याआधी एकदा तलाव बघावा म्हणून रविवारी गेले. मामा त्यांच्या जागेवर होते.

"दोन पावसाळे झाले मॅडम, लाल पिल्लं दिसली न्हाईत," ते म्हणाले. "त्या देविदासनं वाटोळं केलं."

दिवस कलला. मामांनी दोरी गुंडाळली. झाकणाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा उचलला, गुडघाभर पाण्यात गेले आणि तो हळूच तिरका केला. मग पाण्याला हात जोडले.

"काय सोडलंत मामा?"

"उरलेलं आमिष. जिता जीव वाळूत टाकून कसं जावं? पाण्याचं पाण्याला."

मरळीला आमिष जिवंत लागतं. छोटी मासळी गळाला लावून सोडायची. पूर्वी मामा ती याच तलावात धरायचे. गेली दोन-तीन वर्षं मिळेना, म्हणून जालन्याजवळच्या एका पाणी साचलेल्या खदानीतून आणायचे.

"लई चिवट मासळी," ते कौतुकाने म्हणाले. "यष्टीत उभ्यानं आलो तरी एक मरत न्हाई."

डब्याच्या तळाशी दोन-तीन राहिली होती. मी एक ओंजळीत घेतली. पाठीवरच्या पराच्या मागच्या भागावर काळा ठिपका होता. चिलापीच्या पिल्लांना तो असतो, मोठेपणी जातो.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण टेबलावर ती नोटीस होती.

"मामा, ही चिलापी आहे."

"न्हाई हो! चिलापी म्या पाह्यलीय. तळहाताएवढी राहती."

"ही तिचीच पिल्लं."

मामांनी डब्यात बोट घातलं. पिल्लू बोटाभोवती फिरलं.

"मंग म्याच की," ते म्हणाले. मग लहान मुलासारखं विचारलं, "मरळ खाईन न्हाई का ह्यांना?"

"मोठी मरळ खाते. पण यांची वाढ तिला आवरत नाही. आणि ही चिलापी तिची अंडी खाते."

तसेच ओल्या पायांनी ते चहाच्या टपरीवर गेले. देविदास तिथे होता. सगळ्यांसमोर म्हणाले, "देविदास, तुझ्यावर आळ घेतला. ते मासे म्या आणल्ते."

देविदासने भांडायला हवं होतं. तो "मामा, तुमीच तर आडवे आल्ते," एवढंच बोलला. मला ते अजून ऐकू येतं.

नोटीस मी फाडली. साहेब म्हणाले, "मग कारवाई कोणावर?"

"कोणावरच नाही, सर."

"निदान तलाव तरी साफ करा."

तलाव पुरता आटल्याशिवाय चिलापी निघत नाही. त्या वर्षी पाऊस बक्कळ झाला. जालन्यात राहून चांगल्या पावसाचं वाईट वाटलेली मी एकटीच असेन.

प्रकाशशेठ खूश झाले, त्यांचा गळ आता सारखा हलायचा. मामाही येत राहिले, पण कणकेच्या गोळ्या घेऊन. लागेल ती चिलापी ते मारायचे. एकही पाण्यात परत सोडली नाही. बदली झाल्यावर निरोप घ्यायला गेले, तेव्हा डबा शेजारी रिकामाच होता.

"मरळीसाठी नाही बसत?"

"कशी बसू मॅडम? आता कोणत्याच बारक्या मासळीचा भरोसा वाटत न्हाई."

लाल पिल्लांचा घोळका मी असेपर्यंत त्या तलावात पुन्हा दिसला नाही.

परवानगी नाकारली म्हणजे मासा थांबत नाही, हे मी जाफराबादला शिकले. त्यानंतर कुठल्याही तलावावर गेले की गळ टाकून बसलेल्या भल्या माणसाचा डबा आधी उघडून बघायचे, मग नमस्कार करायचे.