घर बी दिसंल, पुणं बी दिसंल

“ताई, ही एक खूण काढा. घर बी दिसंल, पुणं बी दिसंल.”

भाई असं म्हणायचे आणि पडद्यावर बोट ठेवायचे. माउसला हात लावायचे नाहीत. ज्याचं मशीन त्यानंच खूण काढायची, हा त्यांचा दंडक. आमच्या वाळूजच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघणारे ते एकटेच.

तुम्हीही कुठं खर्डेघाशी केली असेल तर हे दुखणं ओळखाल. पुण्याच्या मुख्य ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं की बाहेरचं इंटरनेट ठप्प! सेटिंगमधल्या चौकटीतली ती बरोबरची खूण काढून टाकली, की कामाचं तेवढं पुण्यावरून जायचं, बाकीचं इथूनच चालायचं. पुण्याला ते मंजूर नव्हतं. भाई गुपचूप करून द्यायचे, कारण आमचे मोबाइल गेटवर जमा असायचे आणि बाहेरचा फोनही गेटवरूनच आत जोडला जायचा. घरचा निरोप यायचा तो कॉम्प्युटरवर.

भाईंच्या घरी, शहरातल्या छावणी भागात, कॉलेजात जाणारी मुलगी आणि दम्यानं बेजार अम्मी. त्यात दुष्काळ. टँकरचा भोंगा वाजला की अम्मी कळशी घेऊन निघायच्याच.

“लई हट्टी हायेत,” भाई सांगायचे. “नको म्हटलं तर म्हणतात, मेरे हाथ टूट गए क्या?” हसता हसता मुलीचा निरोप आलाय का ते बघायचे.

आणि मी दीडशहाणी! पुण्याच्या एका साहेबांनी फोनवर विचारलं, “तुमच्याकडं दोन्ही कसं चालतं हो?” मी कौतुकानं सांगून बसले, “आमच्या भाईंची कमाल!”

तिसऱ्या दिवशी भाईंच्या हातात लेखी ताकीद पडली. त्यांनी प्रत्येक मशीनवर खूण परत लावली, स्वतःच्याही. त्या दिवशी माउस त्यांनीच धरला.

“माझंच तोंड मेलं...” मी म्हटलं.

“जाऊ द्या ताई. खोटं थोडंच बोललात?”

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी ते पुण्याला जोडून आमच्या गोदामाचा प्रोग्राम दुरुस्त करत होते. मी शेजारी बसले होते. पाचला काम संपलं, त्यांनी जोडणी तोडली, आणि अडकलेले निरोप भराभर आले.

‘अब्बा, दादी टँकर के पास गिर गई.’

‘साँस नहीं ले पा रही.’

‘गेट का फोन कोई नहीं उठा रहा.’

वॉचमन कारखान्याचा टँकर रिकामा करून घ्यायला मागं गेला होता.

शेवटचा निरोप साडेचारचा. ‘अब्बा, अब आराम से आना.’

भाईंनी तो दोनदा वाचला. खुर्ची नीट आत सरकवली आणि निघाले. गेटवर मोबाइल घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

अम्मींच्या दफनानंतरही मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नोकरी सोडली त्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. माझी आई सोयगावला एकटी असते, हे त्यांना ठाऊक होतं. पडद्यावर बोट ठेवलं.

“काढा, ताई.”

“भाई, ताकीद आहे ना...”

“ती मला होती. काढा तुम्ही.”

मी खूण काढली. ते गेले ते पुन्हा दिसले नाहीत.

पुण्याहून त्या साहेबांचा परत फोन आला. “तुमच्याकडं अजून दोन्ही चालतं का हो? कुणी करून दिलं?”

“मला बाईला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, साहेब?” मी म्हटलं.