ऑफिसनं दिलेला फोन

कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या अंगणवाडीत सेविका म्हणून मला वीस वर्षं होऊन गेली होती, तेव्हा ऑफिसनं आम्हाला फोन दिले. नवे, खोक्यातले. रजिस्टरं बंद होणार, मुलांची वजनं, हजेरी, खाऊचं वाटप, सगळं यातच भरायचं, असं सांगितलं. मला बरंच वाटलं होतं. रजिस्टरांत रेघा ओढून ओढून माझी बोटं वाकडी झाली होती.

पहिलं वर्ष फोन चांगला चालला. मग ॲप बदलत गेलं. दर थोड्या दिवसांनी नवीन काहीतरी यायचं आणि फोन होता तोच. हळूहळू तो जडावला. ॲप उघडायला सांगितलं की पांढऱ्या पडद्यावर एक चाक फिरत राहायचं. सुरुवातीला तेवढ्या वेळात मी मुलांना एक गाणं म्हणून दाखवायची. पुढं पुढं तीन गाणी संपायची तरी चाक फिरतच असायचं.

मग पडद्याची खालची पट्टी मेली. बोट लावलं तरी दाद देईना. आणि नोंद जतन करायचं बटण नेमकं तिथंच. फोन आडवा धरला की बटण जरा वर सरकायचं, पण दाबायला जावं तर पडदा पुन्हा उभा व्हायचा. त्यावर मी एक युक्ती काढली होती: फोन जमिनीवर आडवा ठेवायचा, आपण वाकायचं आणि वरून झटकन बोट मारायचं. दहादा मारलं की एकदा लागायचं. कंबर मात्र धरायची. फोन तापायचा तेव्हा ओला रुमाल पिळून त्याच्यावर ठेवायची. मागचं झाकण फुगून उघडायला लागलं, तेव्हा केसांचं रबर काढून त्याला गुंडाळलं.

नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं फोन उलटापालटा केला आणि म्हणाला, "काकू, ह्यो फोन म्हंजे दोन माणसांची खोली हाय. आन् तुमचं ॲप दर महिन्याला चार पावणं घेऊन येतंय. मावायचं कुठं?"

"बॅटरी तरी बदलून द्या."

"सरकारी हाय न्हवं? मी उघडणार न्हाय. उद्या माझ्यावर यायचं."

मॅडमना, म्हणजे आमच्या पर्यवेक्षिकेला, मी तीन वेळा लेखी दिलं. त्या दर वेळी कागद घेऊन म्हणायच्या, "वर पाठवते बाई. तोवर सांभाळून वापरा." त्यांचा स्वतःचा फोनही धड नव्हता. बोलता बोलता बंद पडायचा आणि त्या तो हातावर आपटायच्या.

असंच चाललं होतं. पुढं घडलं त्याला फोन कारणीभूत होता असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही.

आमच्या गल्लीत भाड्यानं राहणारं एक जोडपं होतं. नवरा फौंड्रीत कामाला, बायको एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला. बाई मूळची कुरुंदवाडची, अबोल, पंचविशीची असेल. त्यांना सव्वा वर्षाची मुलगी होती. आई कामावर जाताना तिला शेजारच्या म्हातारीकडं सोडायची. म्हातारी सकाळी तिला आमच्याकडं आणून बसवायची. खरं तर तीन वर्षांखालच्या मुलांना आम्ही बसवून घेत नाही, पण आमच्या मदतनीस मावशींना ती पोर आवडायची. त्या खिचडी शिजवताना तिला कडेवर घेऊन ढवळायच्या.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनाचा दिवस असतो. लहान मुलांच्या आया त्या दिवशी स्वतः येतात. ही बाईही कामावर उशिरा येते म्हणून सांगून आली होती. तिच्या आधी पाच-सहा जणी होत्या. फोन सकाळपासून रुसलेला. दोन मुलांची नोंद झाली आणि ॲप बंद पडलं. पुन्हा उघडलं, चाक फिरलं, पुन्हा पहिल्यापासून नाव शोधा. आया भिंतीला टेकून उभ्या. एक लहानगं रडायला लागलं, मग त्याचं बघून दुसरं. मी घामाघूम.

तिची पाळी आली तेव्हा मी पोरीला काट्यावर ठेवलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि फोनकडं वळले. फोन गरम होऊन बंद पडला होता. पुन्हा चालू केला. आई दारातल्या उन्हाकडं बघत होती.

"बाई, मी जाऊ का?" ती म्हणाली. "साडेधा वाजलं. फाटकातनं आत घेणार न्हाईत."

"जा तू. मी भरते."

ती गेली. मी खरंच भरणार होते. पण त्या दिवशी फोन दुपारपर्यंत उठलाच नाही. घरी नेऊन चार्जिंगला लावला, संध्याकाळी कधीतरी ॲप उघडलं, तेव्हा राहिलेल्या मुलांचे आकडे आठवून आठवून टाकले. काही आठवले, काही नाही. या पोरीचा आठवला नाही. मागच्या महिन्यात आठ किलो शंभर होतं, ते समोर दिसत होतं. एवढ्या वयाचं मूल महिन्याला थोडंफार वाढतंच, म्हणून मी आठ दोनशे टाकलं. जमिनीवर वाकून बोट मारलं. पहिल्याच फटक्यात नोंद लागली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर चार आठवडे गेले. मधे एक मोहीम होती, एक मीटिंग होती, खाऊची पाकिटं आली होती. पाकीट द्यायचं तर आईचा चेहरा फोनमध्ये धरून फोटो घ्यावा लागायचा. 'पापणी मिटा' असं पडद्यावर यायचं. बाया बिचाऱ्या पापण्या मिटत उभ्या राहायच्या आणि फोन काही ओळख द्यायचा नाही. मी दिवसभर त्या पडद्याकडंच बघत असायची. समोर कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोर हसलं, काही ध्यानात राहायचं नाही.

एक दिवस मावशी चुलीपासून उठून माझ्याजवळ आल्या. पोर त्यांच्या कडेवर होती.

"बाई, जरा हिला घ्या."

"मावशी, आत्ता नको. आत्ता कुठं उघडलंय."

"घ्या म्हंतो न्हवं." मावशी माझ्याशी असं कधी बोलायच्या नाहीत. मी फोन खाली ठेवला आणि पोरीला घेतलं.

"काय झालं?"

"हलकी लागत न्हाय का तुमास्नी? मी रोज उचलतो हिला. पयल्यांदा कंबर धरायची माझी. आता परकराच्या घडीगत लागाय लागल्याय."

मी तिच्या दंडाला हात लावला. माझं बोट आणि अंगठा सहज जुळले. वीस वर्षं मी हे हात बघत आले होते, मला आकड्याची गरज नव्हती. पोर माझ्या खांद्यावर मान टाकून गप पडली. रडलीसुद्धा नाही.

"मागल्या वजनाला तर बरं होतं," मी म्हणाले.

"कुठलं बरं? साडेसात म्हनला हुता की तुमी. मी हितंच डाळ निवडत हुतो. त्याच्या आदी आट हुतं, हे बी मला म्हायत हाय."

मावशींची शाळा दुसरीतच सुटलेली. त्यांना ॲपमधलं काही वाचता येत नव्हतं. पण आकडा त्यांच्या कानात राहिला होता. माझ्या तोंडून निघालेला आकडा माझ्याकडं नव्हता.

काटा लावला. सहा किलो नऊशे.

मावशी कारखान्यापर्यंत चालत गेल्या आणि फाटकावर भांडून आईला घेऊन आल्या. म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, जुलाब होत होते, पण दात येताना होतातच. आई म्हणाली, रात्री घरी आल्यावर पोर झोपलेलीच असायची, स्वेटर घातलेला असायचा. ती सांगत होती आणि सांगताना तिच्या हातातून पोरीचं टोपडं दोनदा खाली पडलं.

रिक्षा करून आम्ही शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलांच्या डॉक्टरीण तरुण होत्या. त्यांनी पोरीचं पोट दाबून पाहिलं, पापणी उलटी करून पाहिली आणि मला विचारलं, "सेविका तुम्हीच ना? मागच्या महिन्याचं वजन किती?"

मी सवयीनं फोन काढला. चाक फिरायला लागलं. डॉक्टर थांबल्या. पोरीची आई माझ्या शेजारी उभी राहून त्या चाकाकडं बघत होती. मग पान उघडलं. आठ किलो दोनशे.

"म्हणजे एका महिन्यात सव्वा किलो गेलं?" डॉक्टरांनी भुवया वर केल्या.

मला 'हो' म्हणता आलं असतं. कुणाला कळणार नव्हतं. पण त्यावरून त्या औषध ठरवणार होत्या.

"नाही," मी म्हणाले. "हा आकडा मी अंदाजानं टाकलाय. खरं वजन साडेसात होतं. त्याच्या आधी आठ शंभर."

त्यांनी कागदावर साडेसात लिहिलं, त्याच्यावर आठ शंभर लिहिलं, खाली सहा नऊशे. "म्हणजे दोन महिन्यांपासून चालू आहे," एवढंच म्हणाल्या आणि पोरीला भरती करून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर पोरीची आई आणि मी बसलो. तिनं सगळं ऐकलं होतं. मी वाट बघत होते की आता ही चार शब्द सुनावेल. कोल्हापूरकडची बाई, बोलायचं ठरवलं तर गल्ली गोळा करते. मला तर वाटत होतं, बोलावंच.

"त्या दिवशी माझी चूक झाली," शेवटी मीच म्हणाले. "मी लिहून ठेवायला पाहिजे होतं."

"तुमी फोनात बगत हुता," ती म्हणाली. "आन् मी बी तुमच्या फोनाकडंच बगत हुतो. कवा एकदा लागतंय आन् कवा सुटतो, असं झालतं. काट्याकडं मी बी बगितलं न्हाय, बाई."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर घरी जाऊन मी रडले तरी असते.

पोर पंधरा दिवस दवाखान्यात होती. आतड्याला जंतू लागले होते आणि रक्त फार कमी होतं. मावशी आणि मी आळीपाळीनं आईचा डबा घेऊन जायचो. चौथ्या दिवशी पोरीनं मावशींच्या हातातली वाटी ओढली, तेव्हा मावशी तिथंच बसून हसल्या. आईचं काम मात्र गेलं. कारखान्यानं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. हे तिनं मला सांगितलं नाही, म्हातारीकडून कळलं.

मी मॅडमकडं गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्यावर जी काय कारवाई व्हायची ती होऊ दे, पण तो आकडा दुरुस्त करू या. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, गेल्या महिन्याची नोंद बदलता येत नाही. बंद झाली ती."

"मग खोटंच राहू द्यायचं?"

"मला तरी कुठं बदलता येतंय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर आमच्यासारख्या बायकांच्या अर्जांचा गठ्ठा होता, त्यावर त्यांनी माझाही कागद ठेवला.

महिन्याभरानं वरून विचारणा आली. एका महिन्यात मुलाच्या वजनात एवढी घट दिसते, तरी नंतरच्या महिन्याची नोंद चुकीची असल्याचा संशय आहे, खुलासा करावा. खोट्या आकड्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. सहा नऊशे हा जो एक खरा आकडा माझ्या हातून भरला गेला होता, त्याचा खुलासा मागितला होता. मी दोन पानं लिहिली, सगळं खरं लिहिलं. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. उत्तर आलं नाही.

तो फोन पावसाळ्याआधी पूर्ण बंद पडला. जमा केला, पोच घेतली. नवा येईपर्यंत स्वतःचा वापरा असं सांगितलं. माझा स्वतःचा फोन लेकीनं वापरून टाकलेला. तोही आता मधेच थांबायला लागला आहे. वजनाच्या दिवशी मी आधी वहीत लिहिते, आयांना आकडा दाखवते आणि लगेच मोकळं करते. मुलं घरी गेल्यावर ते सगळं फोनमध्ये भरत बसते. काम दुप्पट झालं. निवृत्तीला चार वर्षं आहेत. दुपारी त्या रिकाम्या खोलीत चटईवर बसलं की कधी कधी तिथंच डोळा लागतो.

ते जोडपं दिवाळीनंतर गल्ली सोडून गेलं. नवऱ्याला तिकडंच काम लागलं म्हणून ती माहेरी, कुरुंदवाडला गेली. पोरीचं नाव तिकडच्या अंगणवाडीत पाठवायचं म्हणून मी चार वेळा प्रयत्न केला, पण नाव काही जाईना. दर महिन्याला ती माझ्याच यादीत असते, नावापुढं लाल अक्षरात 'वजन बाकी'. परवा न राहवून आईला फोन लावला.

"चालती आता," ती म्हणाली. "कोंबड्यांच्या मागं पळती. नऊ किलोच्या वर गेल्याय."

मागून पोरीचा आवाज येत होता, काहीतरी पाहिजे म्हणून ओरडत होती. तिचा आवाज मी तसा पहिल्यांदाच ऐकला.

"तिकडं वजन नीट करतात ना?" मी विचारलं.

"करत्यात की. पर हितल्या बाईंचा फोन बी तुमच्यावानीच हाय," ती म्हणाली, आणि पोरीला हाक मारत घाईनं फोन ठेवला.