अर्विंगमधला हुरडा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं विचाराल तर अजूनही नाही. असले अनुभव मी डेस्कवर डबा खाताना वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे मी. कुणी ‘आपोआप झालं’ म्हटलं की त्याचा माग काढायचा, याचाच पगार घेते. आणि ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या सासूबाई तर माझ्याहून कडक! बार्शीजवळच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात आलेल्या बाईला “आधी पाणी प्या आणि खाली बसा” म्हणणाऱ्या त्या. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “लिही, पण आईला विचारून.” विचारलं. त्या म्हणाल्या, “लिही की. खोटं काय आहे त्यात?”

आम्ही टेक्सासमध्ये अर्विंगला राहतो. दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, मागे छोटं तळं, तळ्याभोवती चालायची वाट, मध्ये एक लाकडी पूल. पुलाच्या अलीकडे एक बाक आणि पलीकडे बार्बेक्यूसाठी छप्पर घातलेली शेड. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि वर्षभरात आईंचं ग्रीन कार्ड आलं. मंदार एकुलता एक. बार्शीच्या घराला कुलूप लावून तो त्यांना कायमचं इकडे घेऊन आला. सगळे म्हणाले, नशीबवान आहात हो, मुलाकडे अमेरिकेत!

ऑक्टोबरात आल्या आणि दिवाळीपर्यंत निम्म्या झाल्या. ब्लाउज सैल झाले. मी आणि मंदार सकाळी ऑफिसला, आमची लेक इरा शाळेत. ती आठ वर्षांची. आजीने काही विचारलं की तिचं उत्तर “आय डोन्ट नो, आजी” आणि पळाली. आई दिवसभर स्वेटर घालून सोफ्याच्या एका कडेला बसायच्या, दुसऱ्याच्या घरी पाहुण्या आल्यासारख्या. टीव्हीसुद्धा लावायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे ठीक आहेत, पण वजन असंच उतरत राहिलं तर मला काळजी वाटेल. एक दिवस त्यांनी मंदारला सरळ सांगितलं, “मला परत पाठव. कुलूप काढीन आणि राहीन एकटी.”

“आई, तिथे तुला काही झालं तर बघणार कोण?”

“आणि इथं काय होतंय मला, ते दिसत नाही का तुला?”

मंदार उठून गॅलरीत गेला. तो रडत होता हे आम्हा दोघींना कळलं. परत पाठवणं शक्य नव्हतं आणि इथे त्या डोळ्यांदेखत विझत चालल्या होत्या. काय करावं ते खरंच सुचत नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी घरी आले, तर आई चहा करत होत्या. आमच्या इंडक्शनवर! तोवर त्याला त्यांनी हातही लावला नव्हता. म्हणाल्या, “तळ्यावर आज सोनाबाई भेटल्या. आपल्या वैरागकडच्या आहेत गं.”

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आमच्या भागात प्रत्येक तिसऱ्या घरात कुणाचे ना कुणाचे आई-वडील आलेले असतात. दुपारी ही सगळी मंडळी पायांत स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला मफलर अशी चालताना दिसतात. त्यातल्याच एक असतील, असं मी धरून चालले. कुणाच्या आई, कुठल्या बिल्डिंगमध्ये... काही म्हणजे काही विचारलं नाही. आपल्या माणसांत असं विचारावंसं वाटतच नाही.

मग रोज सोनाबाई. सोनाबाई म्हणाल्या, रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबायचं आणि समोरच्या सिग्नलमध्ये चालणारा पांढरा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. सोनाबाई म्हणाल्या, पोस्टवाल्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, तो थांबून बोलतो. आई म्हणायला लागल्या आणि तो खरंच थांबायला लागला. एक दिवस सहज बोलून गेल्या, “सोनाबाईंनी सांगितलं, तो न्हाणीतला नळ आधी ओढायचा आणि मग डावीकडं फिरवायचा. आता छान कढत पाणी येतं.”

“म्हणजे? आधी येत नव्हतं?”

त्या उठून चहाचे कप विसळायला लागल्या. आल्या दिवसापासून ही बाई गार पाण्याने आंघोळ करत होती. अख्खी शाळा शिकवून सोडलेल्या बाईला नळ कसा उघडायचा हे सुनेला विचारायची लाज वाटत होती. मला इतकं वाईट वाटलं की सोनाबाईंना आमच्या बाथरूममधला नळ कसा माहीत, हा प्रश्न त्या वेळी डोक्यात आलाच नाही.

जानेवारीत आईंनी शेंगदाण्याची चटणी कुटली आणि स्टीलच्या डब्यात भरून तळ्यावर नेली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, तसा तोही भरलेला होता. मी झाकण काढलं. आत हुरडा. हिरवागार, कोवळा... आणि गरम.

मी ठाण्याची, हुरडा मला कृषी पर्यटनाच्या सहलीतला तेवढा माहीत. पण मंदारने चार दाणे तोंडात टाकले आणि खुर्चीत बसूनच घेतलं. “गुळभेंडी ज्वारी आहे यार ही. हा इथे कुठे मिळाला?”

इराने मूठभर खाल्ला. “इट्स लाइक सॉफ्ट पॉपकॉर्न. कॅन आय हॅव मोअर?” आजीने तिच्या तळहातावर ओतला आणि फुंकर कशी मारायची ते दाखवलं. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

माझं टेस्टिंग सुरू झालंच होतं. म्हटलं, गुजराती दुकानात फ्रोझन पोंक, म्हणजे त्यांचा हुरडा, मिळतो, तो मायक्रोवेव्ह केला असेल. मंदारने तळहात पुढे केला. दाण्यांना राख लागलेली होती. “मायक्रोवेव्हमध्ये राख?”

“मग बॅकयार्डात ग्रिलवर भाजला असेल.”

“असेल,” तो म्हणाला आणि खात राहिला.

मी गूगलही केलं. टेक्सासमध्ये ज्वारी होते, भरपूर होते, पण जनावरांच्या खाद्यासाठी, आणि जानेवारीत शेतं मोकळी असतात.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी शनिवारी ठेवलं होतं. आईंना म्हटलं, सोनाबाईंना घेऊनच या. त्या म्हणाल्या, “विचारलं मी. नको म्हणतात. पायात काही घालत नाहीत त्या. म्हणतात, सूनबाईच्या गालिच्याला माती लागेल.”

जानेवारीत? अनवाणी? आता मात्र मला चैन पडेना. आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘सोनाबाई नावाच्या काकू कुणाकडे आल्यात का? वैरागच्या?’ कुणाकडेच नव्हत्या. दोनदा लंच ब्रेकमध्ये घरी येऊन मी आईंबरोबर तळ्यावर गेले. बाक रिकामा. आई म्हणाल्या, “आज नाही आल्या वाटतं.” मला वाटलं, एकटेपणाने आईंच्या मनानेच ही बाई उभी केली. तसं असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं. पण मग तो हुरडा कुणी भाजला?

हळदीकुंकवानंतरच्या आठवड्यात आइस स्टॉर्म आलं. अंदाज रात्रीचा होता म्हणून आम्ही दोघंही घरून काम करत होतो, शाळा लवकर सोडली होती. दुपारी मी मीटिंगमध्ये, कॅमेरा ऑन. आई डबा दाखवून म्हणाल्या, “तिळगूळ देऊन येते.” मी हाताने ‘बरं’ केलं. मीटिंग संपते तो खिडकीवर तांदूळ सांडल्यासारखा आवाज. बाहेर पाऊस पडता पडताच गोठत होता. आई आल्या नव्हत्या आणि त्यांचा फोन चार्जरला होता.

इराला शेजारी सोडून आम्ही धावलो... म्हणजे धावता येतच नव्हतं. वाट काचेसारखी झालेली. आईंचे गुडघे आधीच अधू, त्यात अशा थंडीत पडल्या आणि उठता आलं नाही तर... बाकावर बर्फाचा थर होता, आई नव्हत्या. मी तळ्याकडे बघितलं. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते मी. मंदार “आई, आई” ओरडत पुलावर गेला आणि आपटला. उठला आणि तसाच थांबला.

“रेवती, वास येतोय तुला?”

येत होता. धुराचा वास. लाकडाचा नाही, कोळशाचा नाही, शेणाच्या गोवऱ्यांचा. मंदार म्हणाला, “आगटी आहे ही. हुरडा भाजतात ती आगटी.” वासाच्या मागे मागे आम्ही पलीकडच्या शेडपाशी पोचलो. आई आत बाकावर बसल्या होत्या, शाल पांघरून, मांडीवर डबा.

मंदारने त्यांचे हात धरले. नुसते ऊनऊन. आमची बोटं बधिर झाली होती आणि त्यांचे हात चुलीपुढून उठून आल्यासारखे. पायाजवळची फरशी कोरडी होती. मी हातमोजा काढून हात लावला, कोमट होती. कडेच्या लोखंडी ग्रिलवर मात्र बर्फ साचलं होतं. आग नाही, निखारा नाही, चिमूटभर राखसुद्धा नाही.

“घाबरलात का रे?” आई म्हणाल्या. “चालत चालत इकडं आलो, मग मी परत निघाले होते. सोनाबाई म्हणाल्या, पुलावरून जाऊ नका, पाय सटकेल. इथंच शेकत बसा, पोरं येतील न्यायला.”

“कुठे आहेत त्या?”

“आत्ता उठल्या की. मंदारची हाक आली तशा. म्हणाल्या, आता तुमची माणसं आली, मी येते.”

मी शेडभोवती फिरून पाहिलं. आमच्या दोघांच्या पावलांशिवाय गवतावरच्या पांढऱ्या थरावर कसलीही खूण नव्हती. डब्यातला तिळगूळ गेला होता आणि त्या जागी हुरडा होता. त्यातून वाफ येत होती.

त्या दिवसानंतर सोनाबाई आईंना भेटल्या नाहीत. आई बरेच दिवस त्या बाकावर जाऊन बसत होत्या.

तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की बार्शीला फोन केला आणि कळलं, सोनाबाई नावाची बाई अमुक साली वारली. मलाही तसंच वाटलं होतं. मंदारने काकांना विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, वैरागच्या ओळखीच्यांनाही विचारलं. अशी कुणीच नाही. आईंनाही ती आधी कधी भेटल्याचं आठवत नाही. अपार्टमेंटच्या ऑफिसात विचारलं, शेडकडे कॅमेरा नाही. आईंची शाल मी तीनदा धुतली तेव्हा कुठे तो धुराचा वास गेला. गोवऱ्या इथे पूजेच्या सामानात मिळतात, तेव्हा कुणीतरी... पण कोण, आणि त्या बर्फात कशाला? उत्तर नाही माझ्याकडे. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन.

आई आता बऱ्या आहेत. वजन भरलंय. लायब्ररीत इंग्रजीच्या क्लासला जातात, एकट्या, बसने. परतीचा विषय काढत नाहीत.

मागच्या रविवारी भाजी निवडताना मी शेवटी विचारलंच, “आई, खरं सांगा. ओळख ना पाळख, अनवाणी बाई, अशा थंडीत... तुम्हाला तिची भीती नाही वाटली कधी?”

“त्यांची?” त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. “नाही बाई. भीती मला या घरात वाटायची. तुम्ही सगळे बाहेर पडून दार लागलं की.”

मी जुडी खाली ठेवली. मग मला रडू आलं.