बर्फात नेलेला नमुना

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते निमगाव केतकीच्या थोरल्या मामांचे. आमचं गाव लोणी भापकर. दहावीनंतर मला कामाला लावायचं घरात ठरलं होतं. मामा आले, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "दाजी, पोरगं माझ्याकडं राहू द्या. शिकंल, न्हायतर म्हशी धुईल. वाया कुठं जातंय?" त्यांच्या घरी राहून मी इंदापूरच्या कॉलेजात बी.कॉम. झालो. दोन्ही घरांतला पहिला पदवीधर मी. पुढे बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तरी लग्नानंतर बिऱ्हाड मामांच्या शेजारीच केलं.

लग्नाला सात वर्षं होत आली तरी मूल नव्हतं. तोवर तपासण्या झाल्या त्या सगळ्या बायकोच्या. सोनोग्राफ्या झाल्या. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढला. त्या दिवशी ती एसटीत पोट धरून बसली होती. नलिका मोकळ्या निघाल्या. रक्ताच्या तपासणीत मात्र स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानाने कमी दिसला. इंदापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल होणारच नाही असं नाही. पण तुमच्याकडे थांबायला वेळ नाही." त्यानंतर मी महिने मोजायला लागलो.

त्यांनी माझीही तपासणी सांगितली. मी तयार होतो. पण आई गावाहून आली तेव्हा तिच्या कानावर गेलं.

"गड्याची कसली तपासणी? चांगला धडधाकट हाय," ती म्हणाली.

मामा ओट्यावर बसले होते. "आक्के, गाय दोनदा भरवून बी गाभण राहिली न्हाय की आपण काय करतो? भरवायला आलेल्या डॉक्टरला विचारतो का न्हाय, माल बरोबर व्हता का म्हणून? मग हितंच गाईला का धरून बसलीस?"

"माझ्या पोराला बैल म्हणतोस व्हय?"

"बैल कुठं? त्याला तर औत बी धरता येत न्हाय."

मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी बायकोकडे बघायचं टाळलं. नंतर ती म्हणाली, "मला गाय म्हणाले ते चालेल. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं."

लॅब इंदापुरात होती. नमुना तिथंच द्या किंवा घरून तासाभराच्या आत आणा, असं त्यांनी सांगितलं. तिथं मला जमलं नाही. संडासाच्या दाराबाहेर रांग होती आणि काउंटरवर माझ्याच वर्गातला मुलगा बसला होता. तेव्हा घरून द्यायचं ठरलं, आणि घेऊन जायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. त्यांचं दूध संकलन केंद्र आहे. "तू नको जाऊस. मी रोज दुधाची सॅम्पलं पोचवतो, मला कोण हसणार?"

दुधाच्या बाटल्या ते बर्फाच्या डब्यातून नेतात. माझी बाटलीही त्यांनी पिशवीत घालून त्याच बर्फात खोचली. "जरा बी गरम हुऊ द्यायचं न्हाय," ते म्हणाले. "जनावराचं बीज तर नायट्रोजनमधी गोठवून ठेवत्यात." मला पटलं. गाई भरवायला येणाऱ्या डॉक्टरची ती वाफाळती टाकी आमच्या गावात ज्याने पाहिली आहे, त्या कुणालाही पटलं असतं.

रिपोर्टमध्ये शुक्राणूंची संख्या बरी होती, पण हलणारा एकही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. नवे शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेवढं थांबून परत तपासू म्हणाल्या. कऱ्हाटीच्या पाहुण्यांनी झाडपाल्याची पुडी पाठवली. कुणी मोटारसायकल सोड म्हटलं, कुणी चहा सोड म्हटलं. मी सगळं सोडलं. दुसऱ्या वेळी मामांनी बाटली तशीच नेली, रिपोर्ट तसाच आला. आणखी तीन महिने, आणखी गोळ्या, आणखी एक बाटली बर्फात. मग बाईंनी दात्याच्या शुक्राणूंचा विषय काढला. बायको म्हणाली, "तुम्हाला चालत असेल तर मला चालेल." मी दर वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत गेलो. त्यात वर्ष संपलं.

शेवटी कंपनीतल्या एकाच्या सांगण्यावरून बारामतीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"नमुना कुठे दिला होता?"

"घरी."

"आणि नेला कसा?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बर्फात घातल्यावर ते कसे हलतील? जनावराचं बीज गोठवण्याआधी त्यात खास द्रव मिसळतात. नुसतं बर्फात कुणी ठेवत नाही. माणसाचा नमुना अंगाच्या उबेत आणायचा, शर्टाच्या आत धरून."

एवढं एक वाक्य आम्हाला वर्षभरात कुणी सांगितलं नव्हतं. 'तासाभराच्या आत' एवढंच सांगून लॅब मोकळी झाली होती.

त्यांच्याकडे स्वतंत्र खोली होती. तिथं दिलेल्या नमुन्यात हालचाल हवी त्यापेक्षा कमी होती, पण होती. दात्याची गरज नव्हती. त्यांनी कागदावर चित्र काढून दोन्ही मार्ग समजावले. आययूआयमध्ये वीर्य धुऊन चांगले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज बाहेर काढून शुक्राणूशी मिलन बाहेर घडवतात आणि तयार झालेला गर्भ आत ठेवतात. आम्ही दोनदा आययूआय केलं. दोन्ही वेळा पाळी आली. बायकोची रक्ततपासणी पुन्हा केली तर साठा आणखी उतरला होता.

बारामतीच्या स्टँडवर ती म्हणाली, "वर्ष गेलं ओ आपलं बर्फात."

मला राग येत होता आणि तो काढायला जागा नव्हती. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. उलट ते केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांना सांगत, "माझ्या भाच्याला तपासणीची लाज वाटली न्हाय, तुमाला का वाटती?" एका संध्याकाळी मी मन घट्ट करून तिथं गेलो.

"मामा, त्या डब्याबद्दल बोलायचं होतं."

"नवीन आणलाय. ह्यो जास्त गार राहतो." त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आमच्या गल्लीतल्या एकाच्या पाठीवर हात ठेवला. "ह्याची बाटली सोमवारी नेतोय. मागच्या बारीला ह्याचं बी तुझ्यावानीच आलं. सगळं थंड."

चार माणसं हसली. तो खाली बघत होता. रिपोर्ट त्याचा आला तरी घरात बोल बायकोलाच लावत होते. त्याचं दुसरं लग्न करायचं घरात बोलत होते की त्याच्या बायकोला माहेरी पाठवत होते, कळत नव्हतं, पण काहीतरी शिजत होतं. तेवढ्या माणसांत मला मामांना खोटं पाडता आलं नाही. घराला घर लागून असताना मी त्यांना पत्र लिहिलं आणि मामींच्या हाती पाठवलं.

तीर्थस्वरूप मामा,

तोंडावर बोलायला गेलो की तुमच्यापुढे माझं बोलणं अर्ध्यात राहतं, म्हणून लिहितो. माझे तिन्ही रिपोर्ट चुकीचे होते. बर्फामुळे. माणसाचा नमुना थंड करायचा नसतो, अंगाच्या उबेत न्यायचा असतो. बारामतीच्या डॉक्टरांनी परत तपासलं, माझ्यात थोडी कमतरता आहे, पण सगळं थंड नाही.

तुम्ही आईला बोलला नसता तर माझी तपासणी झालीच नसती, हे मी विसरलेलो नाही. तरी मला राग आलाय. तुमच्यावर, लॅबवर, सगळ्यांवर. तिच्याकडे वेळ थोडा होता आणि त्यातलं वर्ष गेलं. उपकार आठवले की राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. तुमच्याशी खोटं कधी बोललो नाही, म्हणून हेही लिहिलं.

आम्ही आता आयव्हीएफ करणार आहोत. होईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. कुणी विचारलं तर तिचा दोष म्हणू नका, माझाही म्हणू नका. उपचार चालू आहेत एवढंच सांगा.

सोमवारी त्याची बाटली नेऊ नका. त्याला बारामतीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, तिथं स्वतंत्र खोली आहे. तो एकटा जाणार नाही. तुम्ही बाहेर बसा. कुणी हसलं तर तुम्हाला बोलता येतं.

हे वाचून लगेच आमच्याकडे येऊ नका. आधी त्याच्या घरी जा, आईला बोलला होता तसं त्यांना बोला. आजच जा, त्याच्या बायकोला माहेरी पाठवायच्या आत.

तुमचा भाचा