दुसऱ्या गिअरचं चक्र

आमच्या ह्यांनी ती मोटारसायकल घेतली तेव्हा मला सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत तुला गणपतीपुळ्याला नेऊन आणतो. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते सांगितलं नव्हतं.

आंबे उतरवून कोल्हापूरहून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ती आमच्या रत्नागिरीच्या भाड्याच्या घरी आली. विलायती बनावटीची, साहेबाच्या काळातली, काळी आणि अवजड. आल्यावर जेमतेम महिनाभर चालली. मग मारुती मंदिराच्या चढावर खाडखाड वाजली आणि ह्यांनी ती ढकलत घरी आणून ओटीवर उभी केली. गिअरबॉक्स उघडला तर दुसऱ्या गिअरच्या चक्राचे दोन दाते तुटून खाली तेलात पडलेले.

"एवढंच ना? चक्र बदललं की झालं," हे म्हणाले. त्यांचा चेहरा चक्क आनंदी होता.

पण बदलायचं कुठलं चक्र? इंजिनावरचा नंबर एका सालचा, सांगाड्यावरचा दुसऱ्याच सालचा आणि गिअरबॉक्सवरचा नंबर कुणीतरी कानशीने घासून टाकलेला. दोनतीन गाड्या मोडून ही एक उभी केलेली असणार. हे मोजणी खात्यात होते. लोकांच्या बांधांची भांडणं इंचाइंचाने सोडवायचे आणि घरी आल्यावर ओटीवर बसून त्या चक्राला सुतळी गुंडाळून मापं घ्यायचे. दर वेळी माप वेगळं यायचं.

माझा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता. त्याच्या सुट्टीच्या दिवसांवर ही पीडा आली. जुन्या बाजारात जाऊन तो चक्रं शोधायचा आणि एसटीने पार्सल पाठवायचा. पहिलं आलं ते दिसायला हुबेहूब, पण मधलं भोक मोठं. दुसरं शाफ्टवर बसलं, पण शेजारच्या चक्राला लागेचना. तिसरं बहुतेक कुठल्यातरी स्कूटरचं होतं. शिमग्याला भाऊ गावी आला तो माझ्यावरच डाफरला.

"ताई, भावोजींना सांग, आता बास. तो दुकानदार मला बघितलं की आत जाऊन बसतो."

"तूच सांग."

"मी सांगितलं तर ते मला पुन्हा कागदावर चित्र काढून देतील."

दिलंच त्यांनी चित्र. जाताना त्याच्या खिशात कोंबलं.

मग एके दिवशी कचेरीतून येताना हे शीळ घालत आले. "येत्या रविवारी हेदवीला जाऊ. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊ. तुझं कधीचं मनात आहे ना?" मनात होतंच. मी नारळ घेतला, दूर्वा निवडून घेतल्या, ठेवणीतलं पातळ नेसले. जयगडपर्यंत एसटी, तिथून होडीने खाडी ओलांडून तवसाळ. होडी हलली तशी ह्यांच्या पिशवीत काहीतरी खणखणलं.

"काय आहे त्यात?"

"पाने."

"विड्याची? ती वाजतात कशी?"

ते खाडीकडे बघत राहिले. "हेदवीत एक बोटीवरचे निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे अगदी अशीच गाडी पडून आहे. चालत नाही म्हणे. मी निरोप धाडलाय, गाडीबद्दल बोलायला येतो म्हणून."

होडीतून उतरून परत जाता येत नाही म्हणून मी पुढे गेले. देवळात ह्यांनी हात जोडले आणि सोडले. मी प्रदक्षिणा घालत होते तर हे पायरीवर उभे राहून घड्याळ बघत होते.

त्या गृहस्थांनी मात्र आमचं स्वागत मोठ्या प्रेमाने केलं. उंच, काळेसावळे, जन्म समुद्रावर गेलेला. त्यांच्या बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. आम्ही टेकतोय तोच त्यांनी विचारलं, "गाडी होडीतनं आणलीत काय?"

"गाडी? ती घरी आहे," हे म्हणाले.

"मग मी बघितल्याशिवाय इकत कशी घेऊ?"

तेव्हा कळलं. आम्ही गाडी विकायला येतोय असं त्यांना वाटलं होतं, आणि हे त्यांच्या गाडीचं चक्र काढून न्यायला पाने घेऊन आले होते. दोघंही आधी हसले. मग दोघंही अडून बसले.

"तुमची नाहीतरी बंदच आहे," हे म्हणाले.

"तुमची तरी कुठं धावते?"

"माझं फक्त दुसरं चक्र गेलंय."

गृहस्थ उठले, पडवीतल्या गाडीवरचं किंतान ओढलं आणि म्हणाले, "काढा तुमचे पाने." गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचं चक्र, दाते तुटलेले. आमच्यापेक्षा एक जास्तच.

दोघं पुरुष उकिडवे बसून त्या भोकात बघत राहिले. त्या गृहस्थांची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "माझी सात वर्षं ह्याच्यात गेली. तुमची?" मला रडू येत होतं आणि हसूही.

त्या गृहस्थांचा पुतण्या बोटीवर होता. तो विलायतेच्या बंदरात लागला की दोन चक्रं आणील, असं ठरलं. आणि त्याने खरंच आणली. आमच्या वाटणीचं चक्र तेलकट कागदात गुंडाळून घरी आलं तेव्हा ह्यांनी ते देवापुढे ठेवलं. मीही हळदकुंकू वाहिलं. मग ते शाफ्टवर चढवायला गेले. चढेना. आतल्या खाचा मोजल्या. आमच्या शाफ्टपेक्षा एक कमी. हे दिवसभर कानस मारत बसले. संध्याकाळी चक्र तसंच होतं आणि ह्यांची बोटं सोललेली.

पुढच्या महिन्यात दारात फटफट ऐकू आली. हेदवीचे गृहस्थ स्वतःच्या गाडीवरून आले होते. ह्यांनी गाडीभोवती फिरून सगळं बघितलं, चांगलं झालं म्हणाले, मला चहा टाकायला सांगितला. चहा पिता पिता गृहस्थ म्हणाले, "साहेब, राग मानू नका. माझ्या मॅग्नेटोची ठिणगी जरा कमी पडते. तुमची काय आता चालणार नाय. तुमचा तेवढा द्या."

"नाही."

"पैशे देतो."

"विकायचा नाही."

माझा संयम सुटला. परक्या माणसासमोर मी ह्यांना कधी बोलले नव्हते. "द्या ना तो! दोन्हींतली एक तरी नीट चालू दे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गृहस्थ अवघडले, कपबशी ठेवून उठले. ते गेल्यावर हे म्हणाले, "मॅग्नेटो दिला की उद्या टाकी मागतील, परवा दिवा. मग उरेल काय?"

"ओटी उरेल. मला बसायला," मी म्हटलं आणि आत गेले. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

वर्षभराने ह्यांची चिपळूणला बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये भांडी, पलंग, माझी शिलाई मशीन चढली आणि शेवटी चार हमालांनी कण्हत ती गाडी चढवली. त्यातल्या एकाने घाम पुसत विचारलं, "चालू आहे ना हो ही?"

"थोडं काम बाकी आहे," हे म्हणाले.

मी ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि संगमेश्वर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.